दोन तारखांमधला खर्च : कर्करुग्णांच्या नव्या मदतनीसांसाठी मार्गदर्शक

कर्करोगाच्या उपचारांना पैसा लागतो, हे सांगायला कोणी नको. शस्त्रक्रिया, केमो, शेक (म्हणजे किरणोपचार) आणि औषधे यांचा खर्च बहुतांशी रोग ठरवतो आणि त्यात मदतनीसाला फारसे काही करता येत नाही. मात्र एखाद्या कुटुंबाने वर्षभरात कशाकशावर पैसे घातले याचा हिशेब शांतपणे मांडला, तर त्यातली बरीच रक्कम रोगाने नव्हे, तर उशिराने, अपुऱ्या कागदांनी आणि वेळेवर न विचारलेल्या प्रश्नांनी नेलेली दिसते. तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा गावच्या प्रयोगशाळेत राहिला म्हणून दुसऱ्यांदा काढलेला तुकडा, रक्तातल्या पेशींचा काउंट कमी निघाल्यामुळे चारशे किलोमीटर येऊन तसेच परत जाणे, योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी आधीच भरलेली रोख रक्कम, अंगावर काढलेल्या तापामुळे अतिदक्षता विभागात गेलेला आठवडा, हे सगळे टाळता येण्यासारखे खर्च आहेत. ते सहसा रुग्णालयात नव्हे, तर रुग्णालयाच्या दोन तारखांच्या मधल्या काळात जन्माला येतात. म्हणून हा लेख त्या मधल्या काळात काय करायचे याविषयी आहे.

तो तालुक्याच्या गावी रुग्णमित्र म्हणून काम सुरू करणाऱ्यांसाठी, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आणि प्रत्येक कुटुंबात असणाऱ्या त्या एका भाच्यासाठी किंवा सुनेसाठी आहे, जिच्या हातात फाईल असते. कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीपासून उपचारापर्यंत हाताला धरून नेणारी व्यवस्था उभी केली. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘केवट’ या नावाने असेच मार्गदर्शक घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे अशी प्रशिक्षित माणसे अजून फार थोडी आहेत आणि बहुतेक रुग्णांच्या वाट्याला तुमच्या-माझ्यासारखे हौशी मदतनीसच येतात.

सुरुवातीलाच एक मर्यादा आखून घ्यावी. औषध, मात्रा, उपचाराची निवड आणि आयुर्मानाचा अंदाज यांविषयी मदतनीसाने स्वतःचे मत देऊ नये. त्याचे काम योग्य प्रश्न योग्य वेळी योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याचे आहे.

पहिली भेट : घराची माहिती

पहिल्या भेटीत रोगाविषयी कमी आणि घराविषयी जास्त विचारावे. घरात कमावते कोण आहे, रुग्ण स्वतः कमावता होता का, शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे, कर्ज काढले आहे का आणि कोणाकडून, सोबत येणारा माणूस किती दिवस काम सोडू शकतो, पेरणी किंवा ऊसतोड कधी आहे, हे सारे लिहून घ्यावे. हंगामाचा प्रश्न अनेकांना गौण वाटतो. पण मराठवाड्यातले ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते आणि त्या काळात केमोची फेरी चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते. हे आधी माहीत असेल, तर डॉक्टरांना सांगून जवळच्या केंद्रात ती फेरी देण्याची सोय पाहता येते.

याच भेटीत नावांची जुळवाजुळव तपासावी. आधारवर ‘बाळू’, शिधापत्रिकेवर ‘बाळासाहेब’ आणि तपासणी अहवालावर ‘बाळकृष्ण’ अशी तीन नावे असतील, तर योजनेच्या मंजुरीत हमखास अडथळा येतो आणि दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या नेमक्या उपचाराच्या दिवसांत माराव्या लागतात. शिधापत्रिकेत रुग्णाचे नावच नसणे ही अडचणही वारंवार दिसते, विशेषतः लग्न होऊन आलेल्या किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत. ही दुरुस्ती निदानाच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी.

फाईल : कागद, काचा आणि ठोकळे

रुग्ण मोठ्या केंद्राकडे निघण्यापूर्वी त्याची पिशवी स्वतः उघडून पाहावी. त्यात बहुधा अहवालाची छायाप्रत असते आणि मूळ नमुना नसतो. तुकडा तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे दोन गोष्टी असतात: काचेच्या पट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. तो बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी प्लॅस्टिकच्या डबीत असतो आणि त्याच्या कडेवर एक क्रमांक लिहिलेला असतो. मोठ्या केंद्रातील तज्ज्ञ या पट्ट्या पुन्हा पाहतात आणि पुढच्या विशेष चाचण्या ब्लॉकवर करतात. ब्लॉक नसेल तर तुकडा पुन्हा काढावा लागतो, त्याचे पैसे वेगळे जातात आणि आठवडा-दोन आठवडे वाया जातात ते वेगळेच. म्हणून प्रयोगशाळेला लेखी अर्ज देऊन पट्ट्या आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत, ब्लॉकवरचा क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि मेण वितळणार नाही अशा जागी, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत नव्हे, ते ठेवावेत.

सीटी, एमआरआय किंवा पेट-सीटी झाली असेल तर फिल्म पुरेशी नसते. मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागावा आणि तो घरीच एकदा उघडून पाहावा, कारण रिकामी सीडी मिळणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. चांगल्या प्रतीचे आणि अलीकडचे स्कॅन हातात असेल, तर मोठे केंद्र ते पुन्हा करायला लावण्याची शक्यता कमी होते. उलट, मोठ्या केंद्रात जायचे निश्चित असेल, तर गावी घाईने महागडे स्कॅन करून घेण्याआधी ‘हे तिथे चालेल का’ हे विचारून घ्यावे. सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावावेत आणि वरच्या पानावर निदान, झालेले उपचार, चालू औषधे, मधुमेह किंवा रक्तदाब, औषधांची ॲलर्जी आणि दोन फोन क्रमांक लिहून ठेवावेत. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर हे एक पान अख्ख्या फाईलपेक्षा उपयोगी पडते.

उपचार कुठे घ्यायचा

‘टाटाला नेऊ’ हा विचार स्वाभाविक आहे आणि अनेकदा योग्यही. पण प्रत्येक फेरी परळला घेण्याची गरज असतेच असे नाही. शस्त्रक्रिया आणि उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात, आणि केमो किंवा शेक घराजवळच्या केंद्रात, अशी विभागणी पुष्कळ रुग्णांना मानवते. राष्ट्रीय कर्करोग जाळे, ज्याला नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणतात, ते २०१२ मध्ये याच हेतूने उभे राहिले की देशभरच्या केंद्रांत उपचाराची पद्धत सारखी असावी. आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरमधील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था ही नावे मदतनीसाला माहीत असावीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारावा: ‘पुढच्या फेऱ्या आमच्या जिल्ह्याजवळ घेता येतील का, आणि तसे पत्र मिळेल का?’

शेकाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. शेक आठवड्यातून पाच दिवस, कधी सहा-सात आठवडे चालतो आणि परगावच्या रुग्णाला राहण्याखाण्याचा खर्च उपचाराइतकाच जड होतो. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी २५ बैठका देत असत. आता बऱ्याच रुग्णांना १५ बैठका तितक्याच परिणामकारक ठरतात आणि काही निवडक रुग्णांना पाचही पुरतात. हाडात पसरलेल्या रोगाच्या वेदनेसाठी एकाच बैठकीत दिलेला शेक अनेक बैठकांइतकाच आराम देतो, हेही पुष्कळ अभ्यासांनी दाखवले आहे. कोणाला काय लागू पडेल हे डॉक्टरच ठरवतील. ‘कमी बैठकांचा पर्याय यांच्यासाठी आहे का’ एवढे विचारण्यात संकोच करू नये.

पैशाच्या वाटा, आणि त्यांचा क्रम

योजनांची यादी पाठ करणे सोपे आहे; त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या हे ठरवण्यात खरे कौशल्य आहे. महाराष्ट्रात पहिली पायरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना दरवर्षी प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. पांढरी शिधापत्रिका असल्यामुळे ‘आपल्याला योजना नाही’ असे समजून पैसे भरणारी कुटुंबे अजूनही भेटतात. त्यांना हा बदल आवर्जून सांगावा.

या योजनेतील तीन बारकावे नव्या माणसाला ठाऊक असावेत. रुग्णालय योजनेत असणे पुरेसे नाही. त्या रुग्णालयात कर्करोगाचे ते विशिष्ट उपचार योजनेत आहेत का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीला, किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. उपचारापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. आधी रोख भरून नंतर परतावा मागण्याची वाट या योजनेत नाही, त्यामुळे ‘आत्ता डिपॉझिट भरा, योजनेचे नंतर बघू’ असे कोणी म्हणाले की तिथेच थांबावे आणि आरोग्यमित्राला बोलवावे. आणि पाच लाख ही रक्कम संपूर्ण कुटुंबाची वर्षाची आहे. घरात दुसऱ्या कोणाची शस्त्रक्रिया त्याच वर्षी व्हायची असेल, तर हिशेब आधी मांडावा. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, हे आजी-आजोबांच्या बाबतीत विसरू नये. गोव्यातील रुग्णांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि तिच्या अटी वेगळ्या आहेत.

दुसरी पायरी धर्मादाय रुग्णालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. मुंबई-पुण्यातली पंचतारांकित दिसणारी अनेक रुग्णालये याच कायद्याखाली येतात. दाखल होतानाच तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. बिल तयार झाल्यावर केलेली विनवणी आणि दाखल होताना केलेला अर्ज यांच्या परिणामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी केंद्राचा आरोग्यमंत्री कर्करुग्ण निधी या पुढच्या वाटा आहेत. योजना लागू होत नसेल किंवा अपुरी पडत असेल तेव्हाच त्या वापराव्यात आणि रुग्णालयाचे अंदाजपत्रक हातात पडताच अर्ज करावा, कारण झालेल्या खर्चाची भरपाई तिथे मिळत नाही. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, व्ही केअर अशा संस्था औषध, अन्न किंवा मार्गदर्शनाची मदत करतात. खासगी सावकाराकडे जाण्याची वेळ या सगळ्या दारांवर जाऊन आल्यानंतरची असावी; प्रत्यक्षात ती बहुतेकदा आधी येते.

प्रवास आणि मुक्काम

कर्करुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात पूर्ण सवलत मिळते, तर सोबतच्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. द्वितीय श्रेणी आणि वातानुकूलित चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठराविक नमुन्यात रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. आगारात कोणते प्रमाणपत्र चालते ते आधी विचारावे.

परळमध्ये टाटाच्या आसपासच्या पदपथांवर पथारी टाकून राहणारी कुटुंबे अनेकांनी पाहिली असतील. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस गृह आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रे अशा जागा अत्यल्प दरात किंवा विनामूल्य राहण्याची सोय करतात, पण तिथे रांग असते आणि बहुधा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे पत्र लागते. म्हणून मुक्कामाचा अर्ज उपचाराची तारीख मिळाल्या दिवशीच करावा. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेला रुग्ण पदपथावर राहिला, तर त्याला होणाऱ्या संसर्गाचे बिल कोणत्याही धर्मशाळेच्या भाड्यापेक्षा कितीतरी मोठे येते.

फोन : या कामाचा कणा

आतापर्यंतचे सारे एकदाच करायचे काम होते. यापुढचे दर आठवड्याचे आहे आणि माझ्या मते सर्वाधिक पैसा, आणि पुष्कळदा जीवही, इथेच वाचतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात रोग पसरलेल्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काही रुग्णांना आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवायला सांगितले आणि त्रास वाढल्याची सूचना परिचारिकांकडे आपोआप जाई. बाकीच्यांना नेहमीसारखीच सेवा मिळाली. वर्षभरात तातडीच्या विभागात यावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के आणि दुसऱ्या गटात ४१ टक्के होते. रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, पहिल्या गटात ३१.२ महिने आणि दुसऱ्यात २६ महिने भरला. औषध तेच होते. फरक फक्त वेळेवर विचारण्याचा होता.

आपल्याकडे संगणकाची जागा साधा फोन घेऊ शकतो. केमोनंतर तिसऱ्या दिवशी एक फोन उलटी, पाणी आणि लघवी यांच्यासाठी करावा. दुसरा सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, कारण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तिसरा पुढच्या तारखेच्या दोन दिवस आधी. ‘बरे आहे ना?’ असे कधीही विचारू नये; त्याचे उत्तर ‘बरं आहे’ असेच येते. आकडा मागावा. फोनवरचा संवाद बहुधा असा होतो:

‘मावशी, आज ताप पाहिला का?’
‘ताप नाही रे बाबा, जरा कणकण आहे. गोळी घेतली की उतरतंय.’
‘गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटरवर किती होता?’
‘एकशे एकच्या वर काटा गेला होता बघ.’

मावशींच्या दृष्टीने हा ताप नाही, कणकण आहे. पण केमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही तातडीची अवस्था आहे. पेशी घटलेल्या असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो आणि रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असा नियम पाळला जातो. त्याच रात्री दाखल झाल्यास थोड्या दिवसांच्या औषधांवर भागण्याची शक्यता असते. ‘सकाळी बघू’ म्हटल्यास प्रकरण अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकते. तापाची गोळी आधी घेतली की आकडा झाकला जातो, म्हणून गोळीआधी ताप मोजायचा आणि फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्यावे. प्रत्येक नव्या रुग्णाच्या पिशवीत थर्मामीटर आहे का ते पाहावे, आणि नसेल तर पदरचे पैसे घालून द्यावा.

गावच्या डॉक्टरांना यात सामील करून घेणे आवश्यक आहे. केमो देणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे एक पत्र घ्यावे: रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत, ताप आल्यास काय करावे, कोणत्या क्रमांकावर बोलावे, आणि प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन देऊ नये. असे पत्र हातात असलेले डॉक्टर रुग्णाला हात लावायला घाबरत नाहीत आणि स्वतःच्या मनाने काही करतही नाहीत.

ताप, रक्तस्राव, दम लागणे, झटका (फिट), गुंगी किंवा काहीच पोटात न टिकणे, यांपैकी काहीही असेल तर तत्काळ रुग्णालय. दिवसातून चार-पाच वेळा किंवा त्याहून जास्त जुलाब होत असतील, तोंड आल्यामुळे पाणीही जात नसेल, वेदना गोळ्यांनी थांबत नसेल, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या पथकाला फोन. केमोची गोळी घरी घेणाऱ्या रुग्णाला जुलाब किंवा तळपायांना फोड आले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. उलटीच्या गोळ्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो: उलटी झाली तरच गोळी घ्यायची. लिहून दिलेल्या दिवसांत त्या नियमाने घ्यायच्या असतात, उलटी होऊ नये म्हणून.

तारखेच्या दोन दिवस आधीचा फोन मुख्यतः रक्ततपासणीसाठी असतो. हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या इतर चाचण्या तालुक्यालाच करून अहवाल रुग्णालयाला कळवता आला, आणि पेशी कमी असल्या, तर तारीख पुढे ढकलता येते. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, मुंबईतला एक दिवस आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, असा एका फोनचा परतावा असतो. हा फोन करायला कंटाळणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, कारण त्यात काही नाट्य नाही.

तोंडाचा कर्करोग : वेगळी काळजी

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग मदतनीसाच्या वाट्याला सर्वाधिक येतो. इथे तीन गोष्टी खर्च वाढवतात. पहिली दातांची. खराब दात शेक सुरू होण्यापूर्वी, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील अशा बेताने काढून घ्यावेत. शेक झाल्यानंतर काढलेल्या दाताची जखम न भरण्याचा धोका असतो आणि जबड्याचे हाड सडू शकते, ज्याचा उपचार वर्षानुवर्षे चालतो. दुसरी शेकाला पडणाऱ्या खंडाची. तोंड आले, गिळवेना, म्हणून रुग्ण आठवडाभर घरी जातो. डोक्यामानेच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा, वेदनेच्या गोळ्या वेळेवर, आणि वजन उतरू लागताच नाकातून अन्नाची नळी घालण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे, यांमुळे बहुतेक खंड टळतो. नळी म्हणजे शेवट आला असे घरच्यांना वाटते. ती काही आठवड्यांची सोय असते, हे आधीच समजावून सांगावे. तिसरी गोष्ट तंबाखू. उपचार चालू असताना ती चालूच राहिली, तर जखमा भरायला उशीर होतो आणि शेकाचा परिणामही कमी होतो.

आहाराच्या नावाखाली महागड्या भुकट्या, परदेशी फळांचे रस आणि हमखास बरे करणारी चूर्णे विकणारे रुग्णालयाच्या फाटकापाशीही भेटतात. अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याचा कूट, नाचणीची पेज आणि मिक्सरमधून काढलेला रोजचा स्वयंपाक यांवर बहुतेकांचे भागते. कोणी काढा घेतच असेल तर त्याला रागावू नये, पण डॉक्टरांना ते सांगायला लावावे. लपवलेले औषध अधिक घातक.

औषधांची खरेदी

फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफा तीस टक्क्यांवर रोखला आणि शेकडो ब्रँडच्या किमती उतरल्या. राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा पूर्वीच्या दरापेक्षा २३ ते ९९ टक्के बचत झाली. यातून मदतनीसाने घ्यायचे ते इतकेच की छापील किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. रुग्णालयाचे औषधालय, अमृत दुकान (सवलतीच्या दरात औषधे देणारे सरकारी दुकान) आणि जनऔषधी केंद्र या तिन्ही ठिकाणी दर विचारावेत. खरेदीचे बिल जपून ठेवावे. पुढच्या फेऱ्यांची औषधे आगाऊ घेऊन ठेवू नयेत, कारण मात्रा बदलते आणि सतत थंड ठेवावे लागणारे औषध परत घेतले जात नाही.

अतिमहाग औषध लिहून दिले गेले, तर ‘याच परिणामाचा स्वस्त मार्ग आहे का’ असे विचारणे हा अपमान नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्यामानेच्या पसरलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा पर्याय प्रत्येकाला लागू नाही. पण प्रश्न विचारला नाही, तर जमीन विकण्याचा निर्णय आधी होतो आणि पर्याय नंतर कळतो.

रोग बरा होणार नसेल तेव्हा

वेदनाशमन आणि आधार देणारी परिहार सेवा शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर रोग पसरल्याचे कळताच जोडून घ्यावी. मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सहसा व्यसन लावत नाही; २०१४ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर ती मिळणेही सोपे झाले. तिच्यासोबत पोट साफ होण्याचे औषध हवेच, नाहीतर बद्धकोष्ठतेसाठीच रुग्णाला दाखल करावे लागते. घरच्यांशी एकदा शांतपणे बोलावे: दम लागला तर कोणाला फोन करायचा, पुन्हा अतिदक्षता विभागात न्यायचे का, रुग्णाची स्वतःची इच्छा काय आहे. हे बोलणे डॉक्टरांनी सुरू करावे आणि मदतनीसाने त्यासाठी वेळ मागून घ्यावी. ते टाळले गेले, तर शेवटच्या पंधरवड्यात कुटुंब सर्वांत मोठे कर्ज काढते, आणि तेही रुग्णाला घरी राहायचे असताना.

वही

एका कार्यकर्त्याने सुरुवातीला दहा-बाराहून अधिक रुग्ण घेऊ नयेत. प्रत्येकासाठी वहीचे एक पान असावे: केमोच्या तारखा, तीन फोनचे दिवस, ताप, वजन, तोंड, वेदना शून्य ते दहा, आणि काय केले. एकटे राहणारे, सत्तरीपुढचे, वजन झपाट्याने उतरणारे आणि पहिलीच केमो झालेले रुग्ण लाल शाईने लिहावेत व त्यांना आधी फोन करावा. टळलेला खर्चही नोंदवावा, पण प्रामाणिकपणे: रद्द झालेली फेरी, न करावे लागलेले स्कॅन, योजनेतून झालेले बिल. अंदाजाने फुगवलेले आकडे देणगीदाराला आवडतात आणि पुढच्या वर्षी तोंडघशी पाडतात.

उपचार संपला की पान मिटू नये. पहिली दोन वर्षे तपासणीच्या तारखा साधारण दोन-तीन महिन्यांनी, नंतर अंतराने येतात आणि बरे वाटू लागलेला रुग्ण त्या नेमक्या चुकवतो. पुढची तारीख लिहून घ्यावी, आठवडाभर आधी फोन करावा आणि रुग्ण जाऊन आल्यावर नव्या अहवालाची प्रत त्याच फाईलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावावी.